काडी लावून दारू तपासू नका: व्हिस्कीच्या त्या मेसेजला उत्तर

‘घरातल्या व्हिस्कीबद्दल हे कोणी सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्वाल्हेरच्या निम्म्या मराठी घरांत पोचलेला दिसतो. त्यातले दावे थोडक्यात असे: काडी लावून ज्योत निळी आली तर माल शुद्ध, बाटली घरात जितकी वर्षं राहील तितकी व्हिस्की ‘पिकते’, बाटली आडवी ठेवावी, तांब्याच्या भांड्यात ओतली की विषारी द्रव्यं जातात, रंग गडद म्हणजे वय जास्त, पाणी घालणं पाप, उन्हाळ्यात बाटली फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि घसा कमी जाळते ती व्हिस्की चांगली. शेवटी थंडीत लहान मुलांना चमचाभर द्यायचा सल्ला आहे.

एरवी असल्या मेसेजकडे दुर्लक्ष केलं असतं. पण आतेभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘लग्नाच्या पार्टीसाठी ठेक्याबाहेरून (म्हणजे परवान्याच्या दुकानाबाहेरून) स्वस्तात माल मिळतोय, काडी लावून बघू आणि घेऊ.’ दादा, हे करू नका. म्हणून आधी काडीचंच बोलतो.

मेसेजमधली कृती अशी: चमच्यात व्हिस्की घ्या, काडी लावा, निळी ज्योत म्हणजे शुद्ध, पिवळी किंवा लाल म्हणजे भेसळ. हे नेमकं उलटं आहे. ज्या विषाची भीती बाळगायची ते मिथेनॉल फिकट निळ्या ज्योतीनेच जळतं, इतक्या फिकट की दिवसाउजेडी ती ज्योत दिसतही नाही. पिण्याचं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल, तेही निळंच जळतं, टोकाला थोडी पिवळी छटा येते. ज्योतीत पिवळेपणा यायला पाण्यातला सोडियमचा अंश पुरतो. म्हणजे या परीक्षेत मिथेनॉल घातलेली दारू पास होईल आणि साध्या पाण्याने पातळ केलेली चांगली व्हिस्की नापास होईल. त्यातून भेसळीत मिथेनॉल एकटं नसतं, ते इथेनॉलमध्ये मिसळलेलं असतं. तो फरक ज्योतीच्या रंगावरून कोणालाही ओळखता येत नाही.

काडीने कळतो तो फक्त ऋतू. 40 टक्के अल्कोहोल असलेल्या दारूची वाफ साधारण 26 अंश सेल्सियसला पेट घेण्याइतकी होते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री खोलीत 10 अंश असताना अस्सल 42.8 टक्क्यांची व्हिस्की एका काडीने सहसा पेटणार नाही, आणि मे महिन्यात तीच बाटली लगेच पेटेल. थंडीत चांगला माल फेकाल आणि उन्हाळ्यात वाईट माल ठेवून घ्याल. शिवाय न दिसणाऱ्या ज्योतीवर कोणी बाटलीतून आणखी ओतलं तर बाटलीच्या तोंडाशी भडका उडतो.

जानेवारी 2021 मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने 20 हून जास्त माणसं गेली. मुरैना आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मिथेनॉलला वेगळा वास नाही, वेगळी म्हणावी अशी चव नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक अॅसिड, आणि हे अॅसिड डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. शुद्ध मिथेनॉल 10 मिलीएवढं थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. 30 मिली जीव घेऊ शकतं. त्रास बहुतेकदा 12 ते 24 तासांनी सुरू होतो, आणि सोबत इथेनॉल असेल तर आणखी उशिरा. म्हणून ‘आधी एकाने घोटभर घेऊन बघावं, अर्ध्या तासात काही झालं नाही तर बाकीच्यांनी घ्यावं’ ही पद्धतही निरुपयोगी आहे.

प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं, पोटात कळा, उलट्या, धाप यातलं काहीही दिसलं तर हँगओव्हर समजून झोपू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे स्वतः सांगा की मिथेनॉलचा संशय आहे. फोमेपिझोल (मिथेनॉलवरचा उतारा) किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेलं इथेनॉल, रक्तातली आम्लता उतरवणं, डायलिसिस असे उपचार आहेत, पण प्रत्येक तास मोलाचा असतो.

मिथेनॉल किती आहे हे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने कळतं. घरात ते कळायचा मार्ग नाही. घरच्याने एवढंच करायचं: परवानाधारक दुकानातूनच बाटली घ्यायची, आबकारीचं लेबल फाटलेलं किंवा परत चिकटवलेलं नाही हे बघायचं, झाकणाची कडी पहिल्यांदा फिरवताना आपल्या हातून तुटते का ते बघायचं, बॅच क्रमांक आणि तारीख वाचायची. महागड्या व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या कबाड्याला देताना लेबल खरवडून काढा आणि झाकण वेगळं टाका. नकली माल भरणाऱ्याला नेमक्या त्याच बाटल्या हव्या असतात.

मुलांना चमचाभर देण्याबद्दल एकच सांगतो: देऊ नका, थंडीत तर मुळीच नाही. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर निघून जाते. लहान मुलांची रक्तातली साखरही त्याने धोकादायक खाली येऊ शकते.

आता ‘पिकण्या’चा दावा. 12 वर्षांची बाटली कपाटात 20 वर्षं ठेवली की ती 32 वर्षांची होते, असं मेसेज म्हणतो. इथे स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स 2009 हा ब्रिटनचा कायदा वाचावा, कारण स्कॉच म्हणजे काय हे त्यातच ठरतं. 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्ये, किमान 3 वर्षं, आणि बाटलीत किमान 40 टक्के. लेबलवरचं वय हे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं, आणि ते वय पिंपातलं. काचेत लाकूड नाही, म्हणून काचेत वय वाढत नाही. 12 वर्षांची व्हिस्की शंभर वर्षांनीही 12 वर्षांचीच राहील.

यात एक अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. उष्णतेने व्हिस्की लवकर मुरते हे खरंच आहे. बेंगळुरूला पिंपातून वर्षाला 10 ते 12 टक्के उडून जाते, स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के. अमृतसारखी भारतीय सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीतली, जवाच्या माल्टची व्हिस्की) कमी वर्षांत भरदार होते ती त्यामुळे. पण हे सगळं लाकडाच्या आत घडतं. आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात बंद बाटलीचं फक्त नुकसान होतं: आतली हवा फुगते, बूच सैल पडतं, रात्री हवा आकसते, आणि या रोजच्या ये-जा मध्ये थोडी थोडी वाफ निसटत राहते.

म्हणून जागा नीट निवडा. गच्चीखालचा माळा नको, फ्रिजचा माथा नको (मागून गरम हवा येते), खिडकीसमोरची काचेची शोकेस तर नकोच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यांत तळमजल्यावरची आतली खोली सगळ्यात उत्तम. फ्लॅटमध्ये आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा खालचा कप्पा. बाटली तिच्या खोक्यातच ठेवावी, उजेड लागत नाही. कूलर चालतो त्या खोलीत दमटपणाने लेबलवर बुरशी येते. लेबल जपायचं असेल तर बाटलीला क्लिंग फिल्म गुंडाळा. गळती डोळ्यांना उशिरा दिसते, म्हणून बंद बाटली स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन आणि तारीख खोक्यावर लिहा आणि सहा महिन्यांनी परत करा. 10 ग्रॅम कमी झालं तर साधारण तेवढे मिली गेले. मग बुचाभोवती पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) ताणून लावा, किंवा ती बाटली उघडून टाका.

आडवी ठेवायची सवय वाइनची आहे. वाइनमध्ये अल्कोहोल 12 ते 14 टक्के, व्हिस्कीत 40 किंवा जास्त. ते सतत लागत राहिलं तर बूच ठिसूळ होतं आणि त्याचा वास व्हिस्कीत उतरतो. कोरड्या उन्हाळ्यात बूच सुकतं ही शंका मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन महिन्यांतून एकदा बाटली काही सेकंद तिरकी करून बूच ओलं करावं आणि परत उभी ठेवावी. तरीही बूच तुटलं तर आत ढकलू नका; स्क्रूने जमेल तेवढं काढा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा, आणि संपलेल्या बाटलीचं जपून ठेवलेलं बूच उकळून, पूर्ण वाळवून लावा. अशी दोन-चार बुचं घरात असावीत.

उघडलेल्या बाटलीचा प्रश्न वेगळा, आणि मेसेजमध्ये त्यावर अक्षर नाही, जेव्हा की घरात खरं नुकसान तिथेच होतं. निम्म्याच्या वर भरलेली बाटली वर्षभर चांगली राहते. एक तृतीयांशाच्या खाली आली की वर हवा जास्त, खाली व्हिस्की थोडी. फळांचे, फुलांचे हलके वास आधी जातात, मग पुठ्ठ्यासारखी सपाट चव येते. दोन-तीन महिन्यांत संपणार नसेल तर ती लहान काचेच्या बाटलीत भरा. 180 मिलीचा रिकामा काचेचा पव्वा, स्क्रूचं झाकण धड असलेला, यासाठी उत्तम. गरम पाण्याने धुवा, साबण वापरला तर वास जाईपर्यंत खळबळा, उलटा ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्या. मानेपर्यंत भरा, पण उन्हाळ्यात बोटभर जागा सोडा, कारण द्रव फुगतो. वर नाव, टक्के, तारीख लिहा. प्लॅस्टिकचा पव्वा वापरू नका. वाइनची हवा ओढणारा पंपही नको. तो हवेबरोबर वासही ओढून घेतो.

तांब्याचा दावा त्रासदायक आहे, कारण त्याला शास्त्राचा मुलामा दिलाय: ‘व्हिस्कीची भट्टी तांब्याची असते, म्हणून तांब्यात ठेवा.’ भट्टी तांब्याची असते हे बरोबर. तिथे गरम वाफ तांब्याला लागून गंधकाची दुर्गंधी द्रव्यं धरली जातात, आणि त्या कामात भट्टीचे पत्रे झिजतात, काही वर्षांनी बदलावे लागतात. तयार व्हिस्की आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4. ती तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवली की धातू विरघळून पेयात येतो. लोणचं आपण तांब्या-पितळेच्या भांड्यात भरत नाही, त्याचं कारणही हेच. मळमळ, पोटदुखी होईल, शुद्ध काहीच होणार नाही. शिशाच्या क्रिस्टलचा डिकँटरही (दारू ओतून ठेवायची काचेची सुरई) याच यादीत: त्यातून शिसं हळूहळू उतरतं. पाहुण्यांसमोर तासभर ठेवा, महिनाभर नको.

रंगावरून वय ओळखण्याबद्दल तोच 2009 चा कायदा पुरे. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरामेल रंग घालायला त्यात परवानगी आहे. म्हणजे गडद रंग कॅरामेलचाही असू शकतो, किंवा शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपाचा. बुरबॉनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) जुन्या पिंपात 20 वर्षं राहिलेली व्हिस्की फिकट असू शकते. बाटली हलवून बुडबुडे किती टिकतात ते बघा, असंही कोणीतरी खाली जोडलंय. 50 टक्क्यांच्या वरच्या दारूत बुडबुडे जास्त टिकतात हे खरं, पण 40 आणि 42.8 मधला फरक त्याने कळत नाही.

फ्रीजरमध्ये व्हिस्की गोठत नाही, पण वास मिटतो. 46 टक्क्यांच्या खालची, थंड करून न गाळलेली व्हिस्की गढूळही दिसते. ती बिघडलेली नसते, खोलीच्या तापमानाला परत स्वच्छ होते. मे महिन्यात बाटली थोडा वेळ फ्रिजच्या दारात ठेवून 20 ते 22 अंशांवर आणायला माझी हरकत नाही, उलट 38 अंशांच्या खोलीत नुसतं अल्कोहोलच नाकात जातं.

राहिलं पाणी आणि घशाच्या जळजळीवरून केलेली तुलना, आणि ही दोन्ही एकाच ठिकाणी येतात. पाणी पाप असेल तर ते आधी उत्पादकच करतात: पिंपातली 60 टक्क्यांची व्हिस्की पाण्यानेच 40 किंवा 46 वर आणतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी येतो आणि 59 टक्क्यांच्या वर आत दडतो. नाकाला लागतं ते पृष्ठभागावरचं, म्हणून थोड्या पाण्याने वास खुलतो.

घशाची जळजळ मुख्यतः टक्क्यांची असते. 46 ची आणि 42.8 ची शेजारी ठेवून ‘ही जास्त जाळते म्हणून वाईट’ म्हणणं म्हणजे दर्जा सोडून ताकद मोजणं. तुलना करायची तर दोन्ही 40 वर आणा. औषधाच्या दुकानातली 5 मिलीची सिरिंज घ्या, सुईशिवाय. 20 मिली 46 टक्क्यांच्या व्हिस्कीत 3 मिली पाणी, 20 मिली 42.8 मध्ये 1.4 मिली, 60 ची असेल तर 10 मिली. हिशोब असा: मिली गुणिले टक्के, भागिले 40, त्यातून मूळ मिली वजा. पाणी आरओचं किंवा बाटलीतलं, नळाचं नको, क्लोरीन आधी नाकात जातो. ग्लास एकसारखे, तोंडाशी निमुळते. ओतल्यावर बशीने झाकून 10 मिनिटं ठेवा. कोणता ग्लास कशाचा हे दुसऱ्याने बुडाखाली चिकटपट्टीवर लिहावं. हलकी आधी, शेरीची मग, धुरकट सगळ्यात शेवटी, कारण धूर जिभेवर बसला की पुढची चव लागत नाही. बर्फ नको. मध्ये पाण्याने चूळ भरा, आणि तीनपेक्षा जास्त असतील तर घोट थुंका.