कंपनीचा शनिवार, मडकईचा बांध

भाचा वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत आहे. महिन्यातला एक शनिवार मिरामारला किनारा साफ करायचा. हातमोजे, टोपी, मागे बॅनर, फोटो. मेलमध्ये ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असतं, आणि न आलेल्याला सोमवारी सुपरवायझर विचारतो, “काय रे, बरं नव्हतं?”

यावरून आमच्या फोंड्याच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर आठवडाभर जुंपलीय. एक म्हणतो, ही वेठबिगारी. कायद्याने नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला द्यायचे ते द्या की, आमचा शनिवार त्यात कुठे लिहिलाय? दुसरा पणजीत एचआरमध्ये आहे. त्याने ऑक्सफर्डचा अभ्यास टाकला: स्वयंसेवेने कर्मचाऱ्यांचं मन निरोगी राहतं, सिद्ध झालंय. खाली मला टॅग करून, “स्विंडनकर, तुमच्याकडे कसं असतं ते सांग या लोकांना.”

तुमच्याकडे! इंग्लंडातल्या स्विंडनला येऊन बारा वर्षं झाली, तरी हा शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो.

तो अभ्यास मी वाचलाय. विल्यम फ्लेमिंग, 2024. ब्रिटनमधल्या 233 संस्था, 46,336 कर्मचारी. ध्यानाची ॲप्स, ताणावरचे वर्ग, कणखर होण्याचं प्रशिक्षण, यांतलं काही घेतलेल्यांची मनःस्थिती न घेतलेल्यांपेक्षा बरी दिसली नाही. अपवाद सेवाकार्याचा, तोही थोडासाच. एचआरवाल्याने नेमका अपवाद उचलला. मुळात आनंदी माणसंच सेवेला जातात की सेवेमुळे आनंदी होतात, हे अशा तुलनेतून कळत नाही. आणि फ्लेमिंगचा रोख कामाची पद्धत बदला यावर आहे, ते ग्रुपवर कुणी वाचलंच नाही.

मग मी ऐटीत लिहिलं: आमच्याकडे वर्षाला दोन दिवस मिळतात, पगारी, कामाच्या वारी. रोटावर, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकावर, तसं लिहिलेलं असतं. गेलो नाही तर कुणी विचारत नाही. शनिवार आमचा आमच्याकडे राहतो.

‘आमच्याकडे’ असं लिहून गेलो, ते पाठवल्यावर लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. वडिलांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इथे आलो, तेव्हा पहिली तीन वर्षं मी एजन्सीचा कामगार होतो. एजन्सीवाल्यांना सेवेचा दिवस नव्हता. कायमचे लोक चमकती हाय-विझ जाकिटं घालून झाडं लावायला जायचे आणि त्यांची शिफ्ट आम्ही भरायचो. त्यांचं मन निरोगी राहावं म्हणून आमची पाठ मोडायची. हे ग्रुपवर सांगितलं असतं तर वेठबिगारीवाला जिंकला असता, आणि तो मला शाळेपासून आवडत नाही.

आता मी कायम झालोय. दोन्ही दिवस कालव्यावर जातो. विल्ट्स अँड बर्क्स कालवा 1810 मध्ये पूर्ण झाला, 1914 मध्ये कायद्याने बंद झाला, आणि आता स्वयंसेवक तो तुकड्यातुकड्याने पुन्हा उकरतायत. बहुतेक निवृत्त गोरे, सत्तरीचे. आमचं काम काठाचा चिखल काढून बादलीने वर द्यायचं. अकराला चहा. पहिल्या दिवशी एका म्हातारीने माझं नाव दोनदा विचारून नीट म्हटलं आणि दुसऱ्या खेपेला ते लक्षात ठेवलं. कामावर, गोदामात, अजून मी नुसता ‘मेट’, म्हणजे ‘दोस्त’च आहे. खरं सांगायचं तर मी जातो तो त्या चहासाठी.

आणि आमच्या गावी, मडकईला? जुवारी नदीच्या भरतीने खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांचा, बांध फुटला की रात्री-अपरात्री गाव गोळा व्हायचं. शेतात खारं पाणी शिरलं की पुढची पिकं गेली, एवढं पोरांनाही ठाऊक. बाबा दारातून हाक मारायचे, “बांद फुटलो रे, चल.” कुणाची हजेरी नाही, बॅनर नाही. न गेल्यास सोमवारी विचारणारं कुणी नाही, कारण सगळ्यांना दिसलेलंच असायचं. मी पांघरुणात परीक्षेचं कारण सांगून पडून राहायचो. बाबा पहाटे यायचे, चिखल कमरेपर्यंत वाळलेला, विहिरीवर पाय धुताना काही न बोलता.

गेल्या खेपेला कालव्यावर मी चिखल पायाने तुडवून घट्ट बसवत होतो, तशी ती म्हातारी म्हणाली, “तू हे आधी केलंयस, दिसतंय.”

मी हो म्हणालो.