वाफेला गिऱ्हाईक कोण? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही चार ओळींत उरकत नाही. 'कचरा जाळून नुसती वीज काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे' हे मागच्या लेखातलं माझं वाक्य तुम्हाला खटकलं. मुलाकडे कोपनहेगनला राहून आलात, कचऱ्याच्या भट्टीच्या छपरावर लोक स्कीइंग करताना पाहिलेत, आणि इथे पिंपरी-चिंचवडच्या मोशी कचरा डेपोत कचरा जाळून वीज काढणारा १४ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला तरी 'तुमच्यासारख्यांचं रडगाणं' संपत नाही, असा तुमचा आक्षेप.

रडगाणं तर रडगाणं. पण छप्पर सोडून जरा खाली बघू. ती अमागर बाके भट्टी वीज काढते, मात्र तिचा मोठा धंदा गरम पाण्याचा. टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेची उष्णता शहरभर नळांतून जाते. कोपनहेगनची जवळजवळ सगळी घरं त्या जाळ्यावर आहेत. तुमच्या मुलाकडचा रेडिएटरही बहुधा त्यावरच तापतो. डेन्मार्कमध्ये हा प्रकार १९०३ पासून, फ्रेडरिक्सबर्गच्या भट्टीपासून चालू आहे. कहर म्हणजे धुरातली वाफसुद्धा थंड करून, तिचं पाणी करून, तिची उष्णता वसूल करतात. त्यामुळे कागदावर कार्यक्षमता चक्क १०० टक्क्यांच्या वर जाते. यात जादू नाही. नेहमीच्या हिशेबात ती उष्णता बुडीत खात्यात धरलेली असते, ती हाती लागली की आकडा फुगतो.

आता मोशी. रोज ७०० टन कचरा, त्यातून १४ मेगावॅट वीज. किलोमागे २,००० किलोकॅलरी धरल्या तर भट्टीत साधारण ६८ मेगावॅट उष्णता तयार होते. वीज झाली तिचा पाचवा हिस्सा. यात तिथल्या इंजिनिअरांचा दोष नाही, नुसती वीज काढणाऱ्या बहुतेक कचराभट्ट्या याच आसपास असतात. कचऱ्यात पीव्हीसी प्लास्टिक असतं, उरल्यासुरल्या आमटी-लोणच्यातलं मीठ असतं. त्यातला क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातो, म्हणून वाफ ४०० अंशांच्या आसपासच आवरावी लागते. कोळशाच्या वीजकेंद्रात ती ५४० किंवा त्याहूनही वर नेतात. बाकीची उष्णता वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून आणि धुराड्यातून हवेत.

'कचरा इथून तिथून सारखाच' असंही तुम्ही लिहिलंय. नाही हो! आषाढात घंटागाडी वळणावर जे काळं पाणी सांडत जाते, ते आठवा. शहाळी, भाजीचे देठ, झाडलोटीची माती. एक लिटर पाणी उडवायला ६०० च्या वर किलोकॅलरी लागतात, आणि त्या कचऱ्याच्याच खिशातून जातात. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश कंपनीनेच रोज ३०० टनांची भट्टी बांधून दिली होती. किलोमागे साधारण १,४६० किलोकॅलरी अपेक्षित होत्या, मिळाल्या निम्म्याहून कमी. जेमतेम तीन आठवडे चालली.

डायॉक्सिनबद्दल, म्हणजे कचरा जाळताना तयार होणाऱ्या विषारी द्रव्याबद्दल, फार वाद घालत नाही. भट्टी ८५० अंशांवर टिकली, धूर दोन सेकंद त्या तापमानात राहिला आणि गाळण्या चोख असल्या तर डायॉक्सिन आटोक्यात राहतो. ओला कचरा तापमान पाडतो, अडचण तिथे आहे.

'आपल्याकडे घर तापवायला उष्णता घेणार कोण?' हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. घरं नाहीच घेणार. पण कारखान्याला वाफ बारा महिने लागते. दक्षिण कोरियातल्या उल्सानमध्ये शहराच्या भट्टीतली वाफ २००८ पासून ह्योसंग कंपनीच्या कारखान्याला नळाने जाते. मोशीच्या एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकणची! वाफ विजेसारखी लांब नेता येत नाही, चार-पाच किलोमीटरांत गिऱ्हाईक हवं. ते जागा ठरवतानाच शोधायचं असतं. आपल्याकडे जिथे डेपो, तिथे भट्टी.

'मग काय, कचऱ्याचे डोंगर ठेवायचे?' मुळीच नाही. ओला बायोगॅसला जाऊ दे, बाटल्या-पुठ्ठे कचरावेचक नेतील, आणि जे खरंच कुणाला नको ते वाळवून जाळा. भट्टी लहान लागेल, मेगावॅट कमी दिसतील, उद्घाटनाचा बोर्डही जरा छोटा होईल. होऊ दे. पुढची निविदा निघेल तेव्हा 'वाफ किती विकणार आणि कुणाला' हा रकाना त्यात घाला, असं मी हरकती-सूचनांमध्ये लिहून देणार आहे. तुम्ही पिंपरी-चिंचवडचे असाल तर तुम्हीही लिहा.