पावसाळ्यात हार्पच्या तारा सैल करू नका रे बाबांनो

जून जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. मुंबईतल्या हौशी हार्पवाल्यांसाठी (हार्प म्हणजे उभ्या तारांचं, बोटांनी छेडायचं वाद्य) पाच टिप्स: पावसाळ्यात सगळ्या तारा सैल करून ठेवा, दहाही बोटांनी वाजवा, नखं वाढवा, सूर उतरत असेल तर तारा डुप्लिकेट समजा, आणि तार तुटली तर गिटारची लावा. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला, जिथे हार्प वाजवणारी मी एकटीच!

सैल करायचं आधी घेते कारण तो शहाणपणा मी स्वतः करून बसलेय. ऐकायला पटतं ना, दमट हवा, ताण कमी केला तर लाकडाला बरं. पण हार्पचा साउंडबोर्ड, म्हणजे तारा जिला जोडतात ती लाकडी फळी, ओढ सहन करायलाच बनवलेला असतो, मोठ्या पेडल हार्पच्या (त्यात सूर पायाने बदलतात) 47 तारा मिळून साधारण 900 किलोची ओढ असते, माझं 34 तारांचं लिव्हर हार्प (त्यात सूर तारेजवळच्या छोट्या खिट्ट्यांनी, म्हणजे लिव्हरने बदलतात) त्याहून हलकं, पण तिथेही ओढ शेकडो किलोंचीच. बोर्ड वर्षानुवर्षं थोडाथोडा पुढे फुगतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळं एकदम सैल केलं की बसलेली घडी मोडते, मग परत लावताना एक तार चढवली की बोर्ड जरासा हलतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. मी जुलैत सैल केल्या, गणपतीत आरतीला वाजवायचं म्हणून घट्ट करायला घेतल्या, विसर्जन झालं तरी सूर टिकेना.

खरा त्रास हवा सारखी बदलण्याचा. रात्रभर एसी आणि सकाळी खिडक्या सताड उघड्या, याने गट (प्राण्यांच्या आतड्याच्या) तारा पटापट तुटतात, कारण त्या ओल शोषतात आणि सोडतात. एसीच्या झोतात आणि ओल आलेल्या भिंतीला लागून ठेवू नका, रोज सुरात लावा, आणि वाजवून झालं की लिव्हर खाली करून ठेवा.

दहा बोटं? करंगळी वापरतच नाहीत, ती आखूड पडते, दोन्ही हातांची चार-चार बोटं बस.

नखं धातूच्या तारांच्या जुन्या आयरिश हार्पला चालतात, नायलॉन किंवा गटवर नख लागलं की किरकिर येते. कापा. आणि भांडी घासून लगेच बसू नका, मऊ पडलेल्या बोटांना फोड येतात.

सूर उतरला म्हणून तार डुप्लिकेट नसते, नवी नायलॉन तार तर ताणतच राहते, आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा चढवा, दुकानदाराशी भांडू नका.

गिटारच्या तारेचं तर बोलूच नका. हार्पच्या प्रत्येक तारेची जाडी ठरलेली असते, शिवाय सी या पाश्चात्य सुराची तार लाल आणि एफची काळी किंवा निळी असते, त्यावरच तर नजर जागा शोधते, तिथे पांढरी लावली की हात चुकलाच. ऑर्डर देताना सप्तक वरून मोजा, सगळ्यात बारीक तारांचं पहिलं, आणि प्रत्येक सप्तक ईपासून खाली एफपर्यंत. मी खालून मोजलं होतं, आलेली तार अजून कपाटात आहे.