‘घाबरवण्याचा धंदा’ म्हणणाऱ्या वाचकास

मानेच्या धमन्यांतला अडथळा ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या डॉप्लर तपासणीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : “हा लोकांना घाबरवण्याचा धंदा आहे. लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं 2021 सालीही सांगितलंय. शिवाय अडथळ्याची टक्केवारी अंदाजेच असते.”

धंदा? माझं तपासणी केंद्र नाही, मी डॉक्टर नाही, या लेखासाठी कुणाकडून छदाम घेतलेला नाही. मत पटलं नाही तर तसं सांगा. हेतूवर शिंतोडे कशाला?

टक्केवारीचं म्हणणं मान्य. डॉप्लर मुख्यतः रक्ताचा वेग मोजतं. अंतर्गत कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत, तो सेकंदाला 230 सेंटिमीटरच्या वर गेला, की 70 टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा धरतात. मी ‘नेमका’ लिहिलं होतं, तिथे ‘अंदाजे’ केलं आहे.

पण तो ‘धंदा’ डोक्यातून जात नाही. माझ्या वडिलांच्या डाव्या डोळ्यापुढे एका सकाळी पडदा उतरल्यासारखं झालं. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. डोळे तपासले, चष्म्याचा नंबर बदलला. मानेवर डॉप्लरचा प्रोब ठेवावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. अठराव्या दिवशी उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. मग डॉप्लर झालं : डाव्या कॅरोटिडमध्ये 80 टक्क्यांवर अडथळा. त्या धमनीतून सुटलेली बारीक गुठळी आधी डोळ्याकडे गेली होती, पुढची मेंदूत. असं लक्षण येऊन गेलेल्या, 70 ते 99 टक्के अडथळ्याच्या रुग्णांत औषधं आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या ‘नॅसेट’ या संशोधन-चाचणीचे निष्कर्ष 1991 सालीच प्रसिद्ध झालेत. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताची शक्यता 26 टक्के, शस्त्रक्रिया झालेल्यांत 9. हे आकडे मी वडिलांच्या खाटेशेजारी बसून वाचले. तुम्ही कुठे बसून ती प्रतिक्रिया लिहिलीत, मला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांना लक्षण होतं, मग गोष्ट वेगळी. होतं ना! पण ओळखलं कुणी? पाच मिनिटांत निघून जाणाऱ्या गोष्टीला घरात कुणी लक्षण म्हणत नाही. म्हणून साठी उलटलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या माणसानं डॉक्टरांना या तपासणीबद्दल निदान विचारावं, एवढंच मी लिहिलं होतं. तज्ज्ञगट सगळ्या जनतेचा हिशेब मांडतो. त्यावर इथे वाद घालत बसत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. आधी तो शब्द मागे घ्या.