बोथ आर नाइस

ऑफिसमध्ये माझं नाव फार समंजस माणूस म्हणून झालंय. कोणाची कोणाशी तुलना करत नाही, कोणाला कमी लेखत नाही, दोन डिझाइन्स समोर ठेवून मत विचारलं की शांतपणे "बोथ आर नाइस" म्हणतो. लोकांना यात मोठेपणा वगैरे दिसतो. खरं कारण असं की मीटिंग इंग्रजीत असते, आणि इंग्रजीत तुलना करायची म्हणजे तोंड उघडायच्या आधी मनात सिलेबल, म्हणजे शब्दातले उच्चाराचे तुकडे, मोजावे लागतात.

मराठीत कसं, 'पेक्षा' लावलं की काम झालं. तो ह्याच्यापेक्षा उंच, ती त्याच्यापेक्षा हुशार, हे सगळ्यात भंगार. विशेषण जिथल्या तिथे, त्याला कोणी हात लावत नाही. इंग्रजीत आधी त्या विशेषणाचीच चौकशी. एक सिलेबल असेल तर मागे ईआर, तीन असतील तर पुढे मोअर, आणि दोन असतील तर... बघू. शेवटी वाय असेल तर हॅपिअर, नसेल तर बहुतेक मोअर, पण क्लेव्हर, सिंपल, नॅरो यांना म्हणे दोन्ही चालतं. दोन्ही चालतं म्हटल्यावर माणसाने खूश व्हायला पाहिजे ना, मी उलट जास्त घाबरतो, कारण मी जे म्हणीन त्याच्या विरुद्धच बरोबर असं सांगणारा एक तरी जण मीटिंगला असतोच. त्यात अनहॅपी. तीन सिलेबल मोजून मोअर म्हणायची तयारी करावी तर त्याचं अनहॅपिअर होतं!

बरं गुड-बेटर-बेस्टचा मला त्रास नाही. गुड आणि बेटर यांचं मुळात काही नातंच नाही, वेगवेगळ्या घरचे शब्द एकत्र राहतायत, राहू देत. डोकं फिरतं ते एल्डर आणि ओल्डरमुळे. एल्डर घरातल्या माणसांना, पण त्याच्यापुढे दॅन आलेलं चालत नाही, म्हणजे भाऊ एल्डर आहे पण 'माझ्यापेक्षा' म्हणायचं झालं की तो लगेच ओल्डर होतो. आणि ऑफिसात ज्याची रोज गरज पडते त्या सीनिअरला तर दॅन मुळीच नको, टू पाहिजे. कारण काय, तर हे लोक लॅटिनमधून येतानाच तुलना करून आलेत, त्यामुळे ईआर नाही, मोअर नाही, दॅन नाही. सीनिअर माणसांचे नखरे भाषेतसुद्धा सुटत नाहीत.

क्रियाविशेषणात शेवटी ली दिसला की मोअर लावायचं, मोअर क्विकली. मग अर्ली येतो, त्यालाही ली, पण त्याचं अर्लिअर. फास्टचं फास्टर, हार्डचं हार्डर, आणि कौतुकाच्या भरात कोणी हार्डला ली लावून 'ही हार्डली वर्क्स' लिहिलं तर त्याचा अर्थ 'तो जेमतेमच काम करतो', समोरच्याची पगारवाढ गेली.

शाळेत 'डिग्री बदला' असायचं, आठवतंय? एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर माउंटन. त्यातला अदर विसरला की मार्क कापले, कारण एव्हरेस्ट हाही माउंटनच, म्हणजे तो स्वतःपेक्षाही उंच ठरतो. ८,८४८.८६ मीटर उंची आहे त्याची, एका अदरने त्याचं काय बिघडणार होतं, पण नाही.

आणि एवढं सगळं सांभाळून जगावं तर शेक्सपिअर खुशाल 'ज्युलियस सीझर'मध्ये 'मोस्ट अनकाइंडेस्ट' लिहून मोकळा. परफेक्टला डिग्री नसते म्हणून आमच्या बाई ओरडायच्या, आणि अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत पहिल्याच वाक्यात 'मोअर परफेक्ट युनियन'! लेसर हा शब्द तर सरळसरळ दोनदा तुलना केलेला आहे, लेसला परत ईआर. आम्ही मोअर बेटर म्हटलं की मात्र हसतात.

अर्थात आपणही काही कमी नाही. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांच्यातला तो इष्ठ म्हणजे इंग्रजीतल्या ईएसटीचा लांबचा भाऊ, म्हणजे श्रेष्ठ हाच मुळात सगळ्यात चांगला. तरी आपलं भागत नाही, आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो, आणि सत्काराचं भाषण असेल तर सर्वात श्रेष्ठतम. फक्त तिथे मार्क कोणी कापत नाही.

असो. तर या समंजसपणाचं फळ आता मिळतंय. निःपक्षपाती माणूस पाहिजे म्हणून टीममधल्या सगळ्यांचं मूल्यमापन यंदापासून माझ्याकडे दिलंय. कोण कोणापेक्षा किती बरा, कशात मागे, सगळ्यात वर कोण, आणि हे सगळं लेखी, इंग्रजीत. मी फॉर्म उघडून बघितला, शेऱ्याच्या रकान्यात 'व्हेरी गुड' बसतं. सगळ्यांना तेच देणार आहे.