शुभ बोल रे मामा

विमा कंपनीत मी बत्तीस वर्षं काढली. काम एकच. कुठल्या वयाचा माणूस साधारण आणखी किती वर्षं तग धरेल याचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून हप्ता ठरवायचा. त्यामुळे नातेवाइकांत माझ्याबद्दल दोन समज पक्के आहेत. एक, मला कशाचाही अंदाज करता येतो. दोन, मी बारशाला किंवा साखरपुड्याला फार बोलू नये. नेरूळचे भाऊजी तर मी "तब्येत काय म्हणते?" विचारलं की लगेच पावसाचा विषय काढतात.

गेल्या मे महिन्यात पहिला समज दुसऱ्यावर भारी पडला.

माझा भाचा चिन्या अमेरिकेत शिकतो. गेला इंजिनिअरिंगला आणि लागला चकती फेकायला. आपण जिला फ्रिस्बी म्हणतो ती. पण 'फ्रिस्बी' हे एका कंपनीचं नोंदणीकृत नाव, म्हणून खेळाला म्हणायचं नुसतं 'अल्टिमेट'. ताईची यात फार पंचाईत होते. शेजारीण विचारते, "चिन्मय काय खेळतो?" ताई म्हणते, "अल्टिमेट." "हो, पण काय?"

तर चिन्याचा संघ कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला आणि ताईचा फोन आला. "तू एवढा हिशेबी. सांग बरं, आपला चिन्या पुढे जाईल का?"

माझी चूक इथेच झाली. मला वाटलं, हा प्रश्न आहे.

चार दिवस मी अभ्यास केला. ठाण्यातल्या उकाड्यात, पंख्याखाली, वहीवर रेघा मारून. पुरुषांत वीस संघ, पाच-पाचांचे चार गट. गटात प्रत्येकाचे चार सामने, म्हणजे गटात दहा आणि एकूण चाळीस. गटात पहिला येणारा थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा-तिसरा आधी एक सामना जास्त खेळून, आणि चौथ्या-पाचव्याने विजेतेपद विसरायचं. मोठी घराणी कोणती तेही पाहिलं. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१, २०२२, २०२३ असं सलग तीनदा विजेतेपद मारलंय, २०२४ला ब्राउनने. चिन्याचं विद्यापीठ या पंक्तीत कधी बसलेलं नाही. पंक्तीत वाढायलाही नाही. यंदा त्याला मानांकन तेरावं आणि गटात पहिला, आठवा, बारावा, तेरावा, सतरावा.

वाराही पाहिला. चकतीचं वजन १७५ ग्रॅम, म्हणजे तीन लाडूंएवढं. पाम बीच रोडवर खाडीकडून सुटतो तसा वारा तिथे सुटला, तर मानांकनं गेली उडत. म्हणून प्रत्येक आकडा जरा सैल ठेवला. पहिल्याविरुद्ध जिंकायची शक्यता ८ टक्के, आठव्याविरुद्ध ३०, बाराव्याविरुद्ध ४८, सतराव्याविरुद्ध ६०. एकूण सरासरी दीड विजय. गटात क्रमांक चौथा. घरच्या ग्रुपवर टाकलं आणि समाधानाने चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत फोन.

"बाराव्याशी ४८ टक्के? अरे, त्याला दहावीला ८९ होते!"

"ताई, ते टक्के वेगळे."

"आणि दीड विजय म्हणजे? अर्धा सामना कोण जिंकतं?"

"सरासरी असते ती."

"सख्खा मामा ना तू त्याचा? शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं तर म्हणे मांडवाला आग लागली!"

ग्रुपवर तोवर सात आशीर्वाद, चार हात जोडलेले आणि काकूंचा एक गणपती येऊन पडला होता. माझ्या आकड्यांवर धाकट्या मावसभावाने फक्त "?" टाकलं होतं. तेव्हा उमगलं की आमच्याकडे अंदाज ही माहिती नसते, तो आहेर असतो. आहेरात कुणी ४८ टक्के घालत नाही.

तरी शनिवारी संध्याकाळी मला नेरूळला बोलावणं आलंच. सामने रात्रभर चालणार (तिथली सकाळची साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा) आणि आकडे समजावायला कुणीतरी हवं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली, जागा मिळाली, वही उघडली. ऐरोली गेलं तसा शेजारचा गृहस्थ वहीत डोकवायला लागला. १, ८, १२, १३, १७. खाली गोल केलेला चार. रबाळ्याला त्याने हळूच विचारलं, "क्लोज आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, थाळीफेक." त्याने मान डोलावली, म्हणजे पोहोचलेला माणूस आहे, उघड बोलणार नाही. कोपरखैरण्याला उतरण्याआधी त्याने तळहातावर पेनाने चौका लिहून घेतला. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवणारा त्या आठवड्यातला तो एकमेव माणूस.

नेरूळला दार भाऊजींनी उघडलं. आत देव पाण्यात होते.

म्हणजे वाक्प्रचारात नाही, खरोखरच. देवघरातला पितळेचा गणपती आणि बाळकृष्ण स्टीलच्या पातेल्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसवले होते. वर ताटली अर्धवट झाकलेली आणि शेजारी कोमेजलेली दूर्वांची जुडी. शुक्रवारपासून. पाणी ताईने दर चार तासांनी बदललं होतं, कारण मे महिना, देवांना कोमट पाण्यात किती वेळ ठेवणार?

आणि गुण येत होता. संघांची नावं ताईला लक्षात राहत नव्हती, म्हणून तिने जर्सीवरून लाल, निळे, जांभळे, काळे केले होते. पहिल्या मानांकनाच्या लालांकडून शुक्रवारी हरलो, पण काळ्यांना १५-११ हरवलं. शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत आम्ही आठव्या मानांकनाच्या निळ्यांना १५-१३ लोळवलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. "तीस टक्के काय रे?"

भाऊजींचा मात्र वेगळाच प्रश्न होता. "अंपायर कुठेय?"

"नसतो. खेळाडूच ठरवतात फाउल झाला की नाही ते. नाहीच पटलं, तर इथे ऑब्झर्व्हर असतात, त्यांना विचारायचं."

"आणि मारामारी होत नाही?"

"नाही."

भाऊजी बराच वेळ गप्प बसले. ते सोसायटीचे तीन वेळा सेक्रेटरी होते. मग मी त्यांना सांगितलं की १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवुड गावच्या शाळकरी पोरांनी हा खेळ काढला आणि सुरुवातीला ती शाळेच्या पार्किंगमध्ये खेळायची. "पार्किंगमध्ये? आणि भांडण नाही?" यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

साडेबाराच्या सुमारास जांभळ्यांनी आम्हाला १५-११ हरवलं. आमचे सामने संपले, दोन विजय, दोन पराभव. गटातला एकच सामना उरला, निळे विरुद्ध जांभळे. त्याचं थेट चित्रण नव्हतं. नुसता गुणफलक, तोही पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचा.

"आता आपल्याला काय हवं?" ताईने विचारलं.

"जांभळे जिंकायला हवेत. मग आपण सरळ तिसरे."

"आत्ता ज्यांनी चिन्याला हरवलं ते?"

"तेच."

ताई पातेल्याशी गेली, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली. आणि फलकावर निळे ८-६ने पुढे गेले. १०-६. १२-७. १३-७.

इथे माझ्यातला विमावाला जागा झाला. निळे जिंकले तर निळे, जांभळे, आम्ही, तिघेही दोन-दोन विजयांवर. तिघांनी एकमेकांना एकेकदा हरवलेलं. मग आपापसातला गुणफरक. आम्ही चारने हरलो, दोनने जिंकलो, शिल्लक उणे दोन. जांभळ्यांची अधिक चार. म्हणजे निळ्यांनी सातच्या फरकाने मारलं, तर जांभळे उणे तीनवर घसरून आमच्या खाली. तीनदा तपासलं.

"ताई, बदल झालाय. आता निळे जिंकायला हवेत. दणकून."

"अरे, पण देव जांभळ्यांसाठी घातलेत!"

रात्री तीन वाजता नेरूळच्या त्या स्वयंपाकघरात जो पेच उभा राहिला, त्याला कुठल्याही नियमपुस्तकात उत्तर नाही. देव पाण्यातून काढून, पुसून, नव्या संकल्पाने पुन्हा घालायचे, की जागच्या जागी संकल्प बदलला तरी चालतो? भाऊजींचं मत, जागच्या जागी चालावं, बँकेत नॉमिनी बदलतो तसं. ताईला ते पटेना. तिने दोन्ही मूर्ती बाहेर काढल्या, पंचाने टिपल्या, पाणी ओतून माठातलं नवं घेतलं. तोवर १४-७. देव पाण्यात गेले. १४-८.

"एक!" मी ओरडलो. "निळ्यांचा एक पॉइंट! १५-८ झालं की आपण आत!"

तिघंही मोबाइलवर वाकलो. मी पान ओढून सोडत होतो, ते गोल गोल फिरत होतं. फिरायचं थांबलं. १४-९.

"आता?" ताईने विचारलं.

मी थोडा वेळ बोललोच नाही. आता निळे जिंकले तरी जास्तीत जास्त सहाने. सहाने जिंकले तर आम्ही आणि जांभळे दोघेही उणे दोन, आणि समोरासमोर त्यांनीच आम्हाला हरवलेलं. "आता… पुन्हा जांभळे. त्यांनी ओळीने सहा मारून जिंकायला हवं."

ताईने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पंचा हातातच होता. ती पातेल्याकडे वळली, गणपतीला हात घातला, आणि तेवढ्यात १५-९.

कुणी काही बोललं नाही. ताईने देव पुसून देवघरात ठेवले, चंदन लावलं. मग शांतपणे म्हणाली, "चौथा. म्हणाला होतास तू. चौथा."

चार दिवसांचा हिशेब, वारा धरून, बरोबर आला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका अचूक आकडा माझा क्वचित लागला असेल, आणि मी एखाद्या खुन्यासारखा डायनिंग टेबलाशी बसून होतो. साडेतीनला चिन्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उन्हाने लाल, मागे निळ्यांची दोन पोरं त्याच्या खांद्यावर हात टाकून हसतायत. "मामा, निळ्यांना हरवलं, पाहिलंस ना? कसलं भारी!" पुढे जाता आलं नाही, याचं त्याला काहीच नव्हतं. ताईने फोन काढून घेतला आणि जेवलास का विचारलं.

पहाटे पहिल्या गाडीला निघालो. ताईने न बोलता थालीपिठांचा डबा हातात ठेवला. भाऊजी लिफ्टपर्यंत आले. लिफ्ट येईपर्यंत इकडेतिकडे बघत होते.

"एक विचारू? तू… माझा कधी काही आकडा काढलायस का?"

"छे हो, भाऊजी," मी म्हटलं.

काढला होता. चांगला होता. पण आता बोलतो कोण?