टाकीचं नाक

गेल्या रविवारपासून गावात मला 'बंबवाले' म्हणतात. मी बंब बनवलेला नाही, विकलेला नाही. मी बनवली ती डिझेलची टाकी. पण पारावर बसलेल्यांना हा फरक समजावून सांगायला गेलं की ते अजूनच खूश होतात.

ओढ्याकाठी आमचं ५ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, वडिलांच्या हातचं. त्याच्या टाकीचा पत्रा तळाला सडला. आधी कपड्याचा साबण घासला, मग एम-सील लावलं, मग एम-सीलवर साबण. शेवटी तळच हातात आला. दुकानदार म्हणाला, नवी टाकी १४०० रुपये, आणि तीही "मागवावी लागंल". मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. पत्र्याच्या डब्याला १४०० रुपये? घरीच करू, म्हटलं. तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

भंगाराच्या दुकानात ६ इंची पाईप दिसला. ओळखीचा वाटला, आणि होताच ओळखीचा. आमच्याच फसलेल्या बोअरचं ते केसिंग. तीनशे फूट धूळ खाऊन बोअर कोरडी गेली, तेव्हा उपसून मी ते ह्याच माणसाला तीस रुपये किलोनं घातलं होतं. आता त्यातला फूटभर तुकडा मागितला, तर साठ रुपये किलो. "आवो, लोखंड वाढलंय." माझ्याच दारातून गेलेलं लोखंड त्याच्या दारात दोन वर्षं बसून वाढलं. मी नुसता बसलो तर फक्त व्याज वाढतं.

तुकडा भरला सहा किलो. दोन्ही तोंडांना पाच मिलिमीटरच्या चकत्या धरल्या की टाकी रिकामीच आठ किलोची होणार, आणि आत डिझेल मावणार जेमतेम सहा लिटर, म्हणजे पाच किलो. मालापेक्षा भांडं जड. पण आता मागं हटणं शक्य नव्हतं, कारण बायकोला सांगून बसलो होतो.

वेल्डरनं पहिलाच प्रश्न विचारला, "आत आधी काय होतं?" प्रश्न बरोबर होता. जुन्या टाकीत तेल दिसत नसलं तरी वाफ भरलेली असते, आणि ठिणगी पडली की टाकी वेल्डरसकट उडते. मी म्हटलं, "काही नव्हतं. पाणीसुद्धा नव्हतं." मग त्यानं पाईप घासून पाहिला, जस्ताचा नाही ना म्हणून. जस्ताच्या धुरानं त्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो म्हणे. काळा पाईप बघून त्याचं समाधान झालं आणि त्यानं काच तोंडावर घेतली.

तिथं एक आबा बसले होते. कुळवाची फास सांधायला आणली होती, ती कधीच सांधून झाली होती, पण आबा उलट्या डब्यावरून उठायला तयार नव्हते. गळ्यात माळ, हातात चंची. त्यांनी पाईपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पाईपकडे पाहिलं.

"काय करायलाय?"

"टाकी."

"पाण्याची?"

"डिझेलची. इंजिनाला."

"बंबावाणी दिसतीय." थोडा वेळ तंबाखू मळून, "बंबाला मधी नळकांडं असतंय बघा. धूर जायाला."

"आबा, टाकीत जाळ नसतो."

"ते खरं." पुन्हा तंबाखू. "मग हिला नाक कुठं ठेवलं?"

"नाक?"

"नाक. श्वास घ्यायला."

वेल्डर काचेमागं हसला. मीही हसलो, जरा जास्तच. मग सरसावून समजावलं, की टाकी उंचावर बसते, गुरुत्वाकर्षणानं डिझेल आपोआप खाली येतं, श्वासाचा काही संबंध नाही.

"खाली यील की," आबा म्हणाले. "पण वर काय जाईल?"

माळकरी माणूस, मला वाटलं आत्म्याबद्दल बोलताहेत. मी नम्रपणे मान हलवली.

टाकी झाली मात्र झकास. पाणी भरून रात्रभर ठेवली, एक थेंब नाही. झाकणाखाली कुकरच्या जुन्या रिंगेचं वायसर कापून बसवलं. झाकण इतकं घट्ट की दोन्ही हातांनी पिळावं लागे. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथं कबूल करतो.

इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं झकास चाललं, मग खोकलं आणि बंद पडलं. मी झाकण उघडून डिझेल पाहिलं. उघडताना 'स्स्स' असा आवाज आला. वा, म्हटलं, काय फिटिंग बसलंय! झाकण परत पिळलं, पान्यानं नट सैल करून लाईनीतली हवा काढली, हँडल मारलं. दहा मिनिटं. बंद. झाकण, स्स्स, पाना, हँडल. असं पाच वेळा. कोपरापर्यंत डिझेल, उसाच्या दोन सऱ्यांना पाणी.

आता कुणी म्हणेल, मोटर का चालवत नाही? मोटर आहे. लाईट नाही. शेतीची लाईट आमच्याकडे पाळीनं येते, आणि आमची पाळी नेमकी रात्रीची. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन सरीत उतरायचं आणि पायाखाली वळवळलं ते गवत की फुरसं हे अंदाजानं ओळखायचं. ज्यांनी हे वेळापत्रक आखलं, त्यांनी एकदा तरी रात्री येऊन पाण्याचं दारं मोडावं. मी चहा देईन. बूट मात्र त्यांनी स्वतःचे आणावेत.

तर, सहाव्यांदा हँडल मारत होतो आणि बांधावरून आबा आले. खांद्यावर तीच फास. थांबले. इंजिन बंद पडेपर्यंत शांतपणे थांबले.

"साहेब, घरात तेलाचा डबा आणता न्हवं? पंधरा किलोचा?"

"आणतो."

"मंडळी भोकं किती पाडत्यात?"

"दोन."

"तेल तर एकातनंच येतंय. दुसरं कशाला?"

मी उत्तर दिलं नाही. हवेचा दाब मला डिप्लोमाला होता. दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटेनात, हा माग्डेबर्गचा प्रयोग मी आकृतीसह लिहिला होता. आणि इथं ती आकृती माझ्याच झाकणावर बसून पाच वेळा मला 'स्स्स' करत होती.

आबांनी झाकण काढायला लावलं, दगडावर ठेवलं, छपराचा एक गंजका खिळा उपसला आणि दोन ठोक्यांत आरपार भोक. "झालं नाक." इंजिन डिझेल संपेपर्यंत थांबलं नाही. आबा मात्र थेट पारावर जाऊन थांबले.

रात्री वेल्डरला फोन करून झापलं, की तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस? "मला वाटलं, तुमी इंजिनेर, तुमचं कायतरी येगळं असंल." हिशोब केला. पाईप ३६०, चकत्या १२०, वेल्डिंग ६००, कॉक आणि निपल २४०, झाकण आणि त्याची मान ८०, हेलपाट्यांचं पेट्रोल २००. एकूण १६०० रुपये. नव्या टाकीच्या झाकणाला भोक कंपनीच पाडून देते, हेही त्याच रात्री कळलं.

काल वळवाचा पाऊस झाला. भोकातून पाणी आत गेलं, डिझेलखाली जाऊन बसलं, आणि कॉक मी अगदी तळाला बसवलाय, त्यामुळे इंजिनाला आधी तेच मिळालं. आता झाकणावर नारळाची करवंटी पालथी घालून ठेवली आहे. सकाळी आबा बांधावरून गेले. थांबले नाहीत, चालता चालता एवढंच म्हणाले,

"सर्दी झाली जणू."